बिनबांगेचा फाल्गुन

पळसाला फुलं आली की आमच्या वाडीवर हल्ली दोन पाहुणे ठरलेले असतात. एक ऊन आणि दुसरी पशुवैद्यकीय दवाखान्याची पांढरी जीप. ऊन कुणाला विचारत नाही, दारातून सरळ चुलीपर्यंत येतं. जीप मात्र लिंबाखाली थांबते, एकदा हॉर्न वाजवते आणि वाट पाहते. आज सकाळी ती आली तेव्हा मी वांग्यांना पाणी देत होतो आणि माझा तांबडा कोंबडा कुंपणावर उभा होता. जीप पाहून गडी असा आरवला की कामरगावच्या शाळेतली प्रार्थना अर्ध्यावर थांबली आणि पोरं सुटी झाली समजून दप्तरं घेऊन घरी निघाली. खोटं वाटत असेल तर कामरगावला जाऊन विचारा. फक्त माझं नाव सांगू नका, तिथं मला ओळखणारे फार आहेत.

पण ती बांग ऐकली आणि माझा हात पाटाच्या पाण्यातच राहिला. गेल्या फाल्गुनात या वाडीत बांग नव्हती. एकही नव्हती. पळस होता, ऊन होतं, हरभऱ्याच्या घाट्यांचा आंबूस वास होता, तुरीच्या काड्यांचे ढीग होते, आणि त्या सगळ्यावर एक अशी शांतता होती की मला माझ्याच पापण्यांचा आवाज यायचा.

लोक म्हणतात, "भाऊ, कायले लिहून राह्यला थे? झालं गेलं. वाडीचं नाव खराब होते." अरे, नाव खराब व्हायचं तेव्हा माझ्या लिहिण्यासाठी थांबलं होतं का? बर्ड फ्लूवाले म्हणून आम्हाला अख्ख्या तालुक्यानं ओळखलं. आता ओळखलंच आहे तर पूर्ण ओळखा.

आमची वाडी म्हणजे कामरगावच्या रस्त्यावरची अशी जागा, की जिथं जीपवाला उतारू सोडताना इंजिनसुद्धा बंद करत नाही. घरं थोडी, विहिरी बऱ्या, आणि जमीन अशी की काठी रोवून विसरलात तर परत येईपर्यंत तिला शेंगा लागतात. आम्ही वांगी, मेथी, पालक आणि सांबार लावतो. सांबाराला बाकीचा महाराष्ट्र कोथिंबीर म्हणतो, तर म्हणो. बाजारात आमचा सांबार सगळ्यांच्या आधी पोहोचतो, आणि त्याचं कारण आमचा कष्टाळूपणा नसून आमचे कोंबडे आहेत. वाडीत घड्याळं होती, पण ती भिंतीच्या शोभेला. पहिल्या बांगेला सांबार उपटायचा, दुसरीला जुड्या बांधून ओल्या पोत्यात ठेवायच्या, तिसरीला पोतं डोक्यावर घेऊन लिंबाखाली जीपची वाट पाहायची. मोबाइलच्या गजराला कुणी उठत नसे. गजर बंद करता येतो. कोंबड्याला काय बंद करता?

आणि कोंबड्यांच्या या राज्यात गिरजाकाकूची काळी होती.

गिरजाकाकू माझी चुलती. चुलते वारून बरीच वर्षं झाली. काकू आमच्या शेजारच्या घरात एकटी राहते आणि चार माणसांइतकं बोलते. तिची काळी कोंबडी दिसायला लहान, पण रागीट इतकी की तिनं एकदा एका कुत्र्याला लिंबावर चढवलं होतं. कुत्रं खाली यायलाच तयार नव्हतं, शेवटी शिडी लावावी लागली. मुंगूस आमच्या वाडीला वळसा घालून जायचं. काळीच्या डाव्या पायाचं एक बोट वाकडं होतं, आत वळलेलं, जणू कायम कुणाला तरी दम भरते आहे. तिच्या आईचंही तसंच होतं, आणि आजीचंही.

त्याला कारण आमच्याकडची एक रीत. लेक बाळंतपणाला माहेरी येते, आणि लेकरू घेऊन सासरी निघते तेव्हा आम्ही तिच्यासोबत एक अंडी घालणारी कोंबडी देतो. तिला लेकराची कोंबडी म्हणतात. तिच्या डोक्याला हळदकुंकू लावतात, टोपलीत धान्याची मूठ टाकतात, आणि एसटीच्या कंडक्टरशी भांडून तिला खिडकीजवळ बसवतात. सासरी गेल्यावर ती पहिल्यांदा खुडूक बसली की जी पिल्लं निघतील, त्यांतली निम्मी माहेरी परत यायची. म्हणजे लेक परक्या घरी गेली तरी अंगणाचा धागा तुटत नाही. काकू स्वतः आपल्या लेकीला, सुलोचनेला घेऊन या वाडीत परत आली तेव्हा तिच्या आईनं दिलेली कोंबडी टोपलीत होती. काळी ही त्याच वेलावरची. आणि गेल्याच्या आदल्या दिवाळीत सुलोचना तिच्या तान्ह्या गोलूला घेऊन मेडशीला सासरी निघाली, तेव्हा काळीची एक लेक टोपलीत बसून मेडशीला गेली.

हे सगळं आधी सांगितलं, कारण पुढचं सगळं या टोपलीतूनच निघालं.

गेल्या फाल्गुनात आधी कावळे पडले. मग कोंबड्या. सकाळी दाणे टिपणारी दुपारी मान वाकडी करून बसायची, तुरा जांभळा पडायचा आणि संध्याकाळी अंगण झाडताना केरसुणीला लागायची. आम्ही कांदा चारला, हळद चारली, लसूण चारला. एकाने तर आपल्या कोंबडीला च्यवनप्राश दिला आणि ती मेल्यावर सांगत फिरला की जाताना तिच्या अंगात फार ताकद होती. कुणी म्हणालं ऊन बाधलं, कुणी म्हणालं नजर लागली. शेवटी वाडीतल्याच कुणीतरी दवाखान्यात फोन केला. कुणी केला ते कुणालाच माहीत नाही, आणि मी काही माझ्या बायकोचं नाव सांगणार नाही.

डॉक्टरीणबाई आल्या. उंच, उन्हानं रापलेल्या, आवाज शांत. त्यांनी हातमोजे चढवले, मेलेल्या कोंबड्या पिशवीत, पिशवी दुसऱ्या पिशवीत, तीही बर्फाच्या पेटीत घातली आणि पेटी भोपाळच्या प्रयोगशाळेकडे रवाना केली. मग लिंबाखाली सगळ्यांना उभं करून सांगितलं, "निकाल येईपर्यंत एकही कोंबडी, एकही अंडं वाडीबाहेर जाता कामा नये. रोग निघालाच तर किलोमीटरभरातले सगळे पक्षी नष्ट करावे लागतील. त्याच्या बाहेर दहा किलोमीटर आम्ही तपासणी करू."

"सगळे म्हंजे?" काकूनं विचारलं.

"सगळे, काकू."

"चांगले बी?"

"चांगले दिसणारेही."

"मॅडम, माही काळी पाहा. दाणे टिपून राह्यली, कुत्रे हाकलून राह्यली. हिले कायचा रोग?"

"आज टिपते आहे, हे खरं. पण रोग आत शिरला असेल तर तो लगेच दिसत नाही. तुम्ही तिला जिथं पाठवाल, तिथं तोही टोपलीत बसून जाईल."

"हिची माय, तिची माय, अन् तिची माय, असं मांगं मांगं गेलं तं माह्या मायच्या आंगणात पोचते बाई. तुमी पेटी घेऊन आल्या म्हणून थे सारं पुसून टाकाचं?"

डॉक्टरीणबाई काळीला वाकून पाहू लागल्या, आणि काळीनं त्यांच्या बुटाला चोच मारली.

आता आमच्या लोकांचं डोकं कसं चालतं पाहा. घरावर संकट आलं की आम्ही काय करतो? लेकराबाळांना सोयऱ्याकडे धाडतो. दुष्काळ पडला, धाडा मामाकडे. साथ आली, धाडा आत्याकडे. मग कोंबड्यांनी काय घोडं मारलं? त्या दुपारपासून वाडीत घराघरात टोपल्या बांधायला सुरुवात झाली. कुणाची कोंबडी शेलूबाजारला भावाकडे, कुणाची कारंज्याला मावशीकडे. वाडीतल्या समस्त कोंबड्या माहेरी निघाल्या होत्या. यात कुणाला पाप वाटत नव्हतं, वाटत होती ती माया. रोगाला आमच्याइतके प्रेमळ यजमान जगात कुठे मिळाले नसते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सांबाराचं पोतं घेऊन जीपमध्ये बसलो तेव्हा काकूनं माझ्या मांडीवर टोपली ठेवली. वरून जुनं लुगडं बांधलेलं. आत काळी.

"कारंज्यात मेडशीकडच्या गाडीत बसवून दे. ड्रायव्हरले सांग, सुलोचना घ्याले येते म्हणून. अन् हळू धर, हालवू नको तिले."

"काकू, डाक्टरीणबाई..."

"तुले मी इचारलं का?"

मी टोपली नीट धरली. काकूपुढे मी लहानपणापासून गप्प बसत आलो आहे, आणि त्यामुळेच आजवर जिवंत आहे. जीपवाला अजून एका उतारूची वाट पाहत होता. तेवढ्यात काकूनं सुलोचनेला फोन लावला. काकूचा फोन नेहमी स्पीकरवर असतो. कानाला लावला तर आवाज कानातच संपतो, असं तिचं मत आहे.

"सुलू, काळीले धाडून राह्यली वो. इकडे रोगराई हाये. तुह्या आंगणात ठेव."

"हाव माय, धाड ना. गोलूले तं मज्जाच होईन. दिसभर थ्या कोंबडीच्याच मांगं रांगत राहते तो. काल तं तिच्या पाण्याच्या परातीत हात घातले अन् थेच तोंडात. आइकतं का? पाह्य, हाका मारून राह्यला."

मागून गोलूचा आवाज येत होता. "कु, कु, कु."

सुलोचना तिकडून "माय? आइकतं ना?" करत राहिली. उतारू आला, जीप सुटली, आणि आम्ही नाल्याच्या पुलापर्यंत गेलो असू तोच मागून हाक आली. "थांबव बे! जीप थांबव!" वळून पाहतो तर काकू. साडीचा ओचा हातात, चपला कुठल्या कुठे, आणि वेग असा की तिच्या मागं उडालेली धूळ तिला गाठायला धापा टाकत होती.

"उतर," ती म्हणाली.

"काय झालं वो?"

"कोंबडी दे."

"आता तं तूच म्हणत होती..."

"मीच म्हणत होती. आता बी मीच म्हणून राह्यली. उतर!"

तिनं टोपली छातीशी धरली आणि मागं वळली. जाताना तिनं फक्त एवढंच म्हटलं, मला की टोपलीला कळलं नाही. "तो हात तोंडात घालते."

मी त्या दिवशी बाजाराला गेलोच नाही. परत आलो तर काकूनं काळीला घरात कोंडलं होतं आणि आपली बाज ओढत रस्त्यावर आणत होती. वाडीतून बाहेर जायला रस्ता एकच, लिंबाजवळून. काकूनं बाज बरोबर तिथं आडवी टाकली, वर बसली, पाय हलवायला लागली आणि जाहीर केलं, "आता पाहतो कोणती कोंबडी माहेरी जाते थे."

सरकारी बंदी कागदावर असते. काकूची बंदी बाजेवर होती, आणि बाजेला हात लावायची कुणाची छाती नव्हती. मी तिच्या मदतीला बसलो. मदत म्हणजे मी सुपारी कातरून द्यायचो. एका गृहस्थाचं पोट त्या सकाळी अचानक वाढलं होतं. काकूनं त्याच्या पोटाला बोट लावलं आणि पोटानं पंख फडफडवले. एकाच्या दुधाच्या कॅनला झाकण नव्हतं, पण शेपूट होतं. पलीकडच्या गावी निघालेली एक वरात वाट चुकून आमच्या वाडीत शिरली, तर काकूनं परत जाताना नवरदेवाचा फेटाही सोडून पाहिला. फेट्यात काही निघालं नाही, पण नवरदेवाला टक्कल असल्याचं नवरीकडच्यांना तिथंच कळलं. पुढं काय झालं ते मी सांगत नाही, संसार मोडायचा.

मग विमलवहिनी आली. विमलवहिनी म्हणजे काकूच्या समोरच्या घरातली, पिढीजात भांडणाची हक्कदार. पदराखाली छातीशी काहीतरी घट्ट धरलेलं.

"सरक वो काकू. लेकरू तापलं, दवाखान्यात नेतो."

"कोणाचं लेकरू?"

"भाचीचं."

"काय नाव?"

विमलवहिनीला नाव सुचायच्या आत लेकरानं पदराखालून बांग दिली.

"आवाज फुटला वाटते लेकराचा," काकू म्हणाली. "वापस ने. दाणे चार."

विमलवहिनी भडकली. "सकाळी तुही काळी तं बसली होती जीपमध्ये! साऱ्या वाडीनं पायलं. आता आमाले शिकवतं?"

"हाव, बसली होती," काकू बाजेवरून न हलता म्हणाली. "म्हणूनच तं मले मालूम हाये, कोंबडी कुठं कुठं लपते."

निकाल आला. रोग तोच होता.

डॉक्टरीणबाई पुन्हा लिंबाखाली उभ्या राहिल्या आणि त्यांनी विचारलं, "गेल्या काही महिन्यांत वाडीतून कुठं पक्षी गेले आहेत का? विकलेले, दिलेले, कसेही?" वाडी अशी गप्प झाली जशी परीक्षेत तोंडी विचारल्यावर वर्ग गप्प होतो. सगळ्यांचे डोळे जमिनीवर. तेव्हा काकू बाजेवरून उठली.

"माह्या लेकीकडे, मेडशीले. दिवाळीत गेली. काळीची लेक हाये."

"दिवाळीत म्हणजे बरेच दिवस झाले. धोका कमी आहे. तरी तिकडचे डॉक्टर जाऊन तपासतील."

"अन् निंघाला तं?"

"तर तिकडेही हेच करावं लागेल, काकू."

विमलवहिनीला राहवलं नाही. त्या क्षणी तिच्या आवाजात भांडण नव्हतं. "कायले सांगितलं वो बाई? थे एकटी तं वाचली असती. तुह्या मायची निशाणी."

"खरी निशाणी तिच्या पाण्यात हात घालते, विमल," काकू म्हणाली. "रोज."

आता इथून पुढचं थोडं मी काही वाढवून सांगणार नाही.

पांढरे पोशाख घातलेली माणसं आली. डोळ्यांवर चष्मे, तोंडावर पट्ट्या, आणि उन्हानं आतून भिजलेली. वाडीबाहेर पडीक जागेत यंत्रानं खड्डा खणला. घराघरातून पक्षी गोळा करताना लहानथोर सगळे उंबऱ्यावर उभे होते. कुणी आडवं आलं नाही. काकूच्या घरी त्यांना काळी सापडेना. ती कणगीमागं, पाटीमागं, चुलीमागं पळत राहिली. घामानं त्या पोरांचे चष्मे धुरकट झाले होते, त्यांना दिसतही नव्हतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काकू, तुम्ही लांबच थांबा. आम्ही धरतो." काकू अंगणाच्या कडेला उभी राहिली, आणि बराच वेळ ती धडपड ऐकल्यावर तिनं तिथूनच हाक दिली. रोज दाणे टाकताना द्यायची तीच. "ती... ती... ती..."

काळी कणगीमागून बाहेर आली. नेहमीसारखी, मान पुढं काढून, भरभर. एकानं तिला अलगद उचललं.

"हळू धर बाबू," काकू म्हणाली. "बाकी काई म्हणत नाई मी."

खड्डा बुजवला, चुना टाकला, अंगणांवर औषध फवारलं. संध्याकाळी वाडी चुन्यानं अशी पांढरी झाली होती की चांदणं पडल्याचा भास व्हावा. पळसाची दोन केशरी फुलं वाऱ्यानं येऊन त्या चुन्यावर पडली होती. ती कुणी उचलली नाहीत.

दुसऱ्या दिवशी उजाडलं, आणि ते कुणालाच कळलं नाही. पहिली बांग नाही, दुसरी नाही, तिसरी नाही. जीप लिंबाखाली हॉर्न वाजवून निघून गेली आणि आमचा सांबार मातीतच राहिला. त्या शांततेची सवय व्हायला मला किती काळ लागला सांगू? अजून लागतोच आहे. माणसं उगाच मोठ्यानं बोलायची. बायका केर काढताना भांडी आपटायच्या. विमलवहिनीनं तर एक दिवस काकूशी मुद्दाम भांडण काढलं. दोघी मनसोक्त भांडल्या आणि मग एकत्र चहा प्यायल्या, कारण वाडीत दुसरा काहीच आवाज उरला नव्हता.

आरोग्य केंद्राच्या आशाताई रोज यायच्या आणि प्रत्येकाच्या कपाळाला ते ताप मोजायचं पिस्तूल लावायच्या. "ताप? घसा? खोकला?"

"खोकला हाये," काकूनं सांगितलं.

"कधीपासून?"

"माहं लगन झालं तवापासून."

आशाताई हसल्या, पण पिस्तूल लावलंच. त्यांनी कुणाला सोडलं नाही. माझ्या बैलानं कुतूहलानं मान पुढं केली तर त्याचाही ताप पाहिला. नॉर्मल निघाला. तेव्हापासून तो नांगराला जुंपताना जरा तोऱ्यातच असतो.

कुणाला काही झालं नाही. माणसांना काही झालं नाही, हे वाक्य मी मुद्दाम दोनदा लिहितो आहे, कारण बाजारात ते कुणाला ऐकायचं नव्हतं. मी भाजी घेऊन गेलो तर एक बाई वांगं हातात घेऊन विचारते, "कोणत्या गावचं?" शेजारचा दुकानदार डोळ्यांनी खुणावतो, दुसरं नाव सांग. तसं मी आयुष्यात इतक्या थापा मारल्या आहेत की आणखी एकीनं माझं काय बिघडणार होतं? पण त्या दिवशी माझी जीभ अडली. मी टोपलीवर उभा राहिलो आणि सगळ्या बाजाराला ऐकू जाईल असं ओरडलो, "कोंबड्या गेलेल्या वाडीचं हाये हे वांगं! थ्याच वाडीचं! आमी रोग दाबला नाई, आमी रोग पुरला! ज्या गावानं लपवलं अशीन त्याचं वांगं खा, नाई तं आमचं खा!" आणि ते वांगं कच्चंच खाल्लं. मग दुसरं. मग तिसरं. लोक जमा झाले. माझ्या अंदाजानं मी त्या दिवशी पोतंभर वांगी खाल्ली. बायको म्हणते तीनच. पण त्या बाईनं पिशवी पुढं केली, एवढं मात्र बायकोही मान्य करते.

मेडशीच्या निकालाची वाट काकू बाजेवर बसून पाहायची. आता थांबवायला कोंबड्या नव्हत्या, तरी बाज रस्त्याच्या कडेला होतीच. आल्या-गेल्याला ती विचारायची, "कुठं चालला? टोपलीत काय हाये?" सवयच लागली होती. डॉक्टरीणबाई त्या दिवशी फोन न करता स्वतः आल्या. जीप थांबायच्या आत काकू उभी राहिली.

"काकू, निकाल चांगला आहे. तिच्यात काही नाही."

"जिवंत हाये?"

"जिवंत आहे. आणि नमुना घेताना तिनं तिकडच्या डॉक्टरांचं बोट फोडलं."

"मंग थे आपलीच," काकू म्हणाली आणि खाली बसली. त्यानंतर ती जे रडली ते मी पाहिलं नाही, कारण मी आभाळाकडे पाहत होतो. आभाळात काहीच नव्हतं.

अंगणं रिकामी राहिली. नियमच होता. उन्हाळा गेला, पाऊस येऊन गेला, सोयाबीन निघालं. पुन्हा पुन्हा साफसफाई झाली, नमुने घेतले गेले, आणि एक दिवस आता पक्षी आणायला हरकत नाही असा निरोप आला. दिवाळीत सुलोचना एसटीतून उतरली. एका हाताला गोलू, आता स्वतःच्या पायांनी चालणारा, आणि दुसऱ्या हाताला टोपली. वर जुनं लुगडं. रीत म्हणजे रीत, पहिल्या खुडकाची निम्मी पिल्लं. काकूनं लुगडं सोडलं. काळं एकही नव्हतं. एक तांबडं, एक करडं, एक मातकट, बाकीची अशीच. मी मनातल्या मनात काहीतरी बरं बोलायची तयारी करत होतो. काकूनं तांबडं पिल्लू उचललं, उलटं केलं, डावा पाय बोटांत धरला आणि माझ्यापुढं केला. बोट वाकडं होतं. आत वळलेलं.

"पाह्य," ती म्हणाली. "रंग जवायाकडचा हाये. बोट आमचं."

त्याच पिल्लाची झालेली तांबडी कोंबडी आज सकाळी डॉक्टरीणबाईंच्या हातात होती. दर महिन्याला त्या येतात, वाडीतल्या कोंबड्यांच्या घशातून कापसाची काडी फिरवून नेतात. आता कुणी कोंबडी लपवत नाही. उलट आमच्या पोरांनी त्यांच्यासाठी कोंबड्या धरून ओळीत उभं राहायला सुरुवात केली आहे, आणि कुणाची आधी यावरून मारामारी होते. तांबडीनं काडी गिळायचा प्रयत्न केला, मग डॉक्टरीणबाईंच्या हातमोज्याला चोच मारली. काकूनं समाधानानं मान हलवली.

जाताना डॉक्टरीणबाई लिंबाजवळ थांबल्या. बाज तिथंच होती, खोडाला उभी टेकवलेली, वर्षभराच्या उन्हापावसानं राखाडी झालेली. "काकू, ही आत घ्या की आता. सुतळी कुजली सगळी."

"सुतळी बदलवतो ना. बाज इथंच राहीन."

"अहो, पण आता सगळं ठीक आहे."

"हाये ना ठीक. पाखरं तं उडत राहतेच, बाई. पुन्हा येईन थो रोग, नाई येणार, मले काय सांगून येते? तुमी तुमची पेटी भरून ठेवता का नाई? तशी माही बाज."

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. त्यांनी बाजेच्या लाकडावर हात ठेवला, जरा दाबून पाहिला आणि म्हणाल्या, "पाय भक्कम आहेत."

जीप गेली. माझा तांबडा कोंबडा पुन्हा आरवला, आणि या वेळी मी सांगतो तो आवाज पार मेडशीला ऐकू गेला. पटायचं तर पटवून घ्या. दुपारी मी नवी सुतळी घेऊन लिंबाखाली बसलो आणि बाज विणायला घेतली. विमलवहिनी समोरून दुसरं टोक ओढत होती. काकू बाजूला दगडावर बसून पाहत होती, मांडीवर तांबडी, वाकडं बोट तिच्या लुगड्यात अडकलेलं.

"कस गा," ती मला म्हणाली. "आजून कस. मले हिच्यावर बसाचं हाये."